स्कॅनर पाच मायक्रॉनचा, मग कॅप का बसत नाही?

दातांच्या लॅबमध्ये ठशावरून ओतलेलं प्लास्टरचं मॉडेल मोजणाऱ्या डेस्कटॉप स्कॅनरच्या माहितीपत्रकावर एक आकडा ठळक छापलेला असतो. अचूकता ४ मायक्रॉन, ७ मायक्रॉन, १० मायक्रॉन. यंत्र लॅबमध्ये लागतं, पहिले काही दिवस बरे जातात आणि मग क्लिनिकमधून फोन यायला लागतात. कॅप उंच लागतेय. ब्रिज एका बाजूनं बसतो, दुसरीकडून उचलतो. मार्जिनला, म्हणजे कॅपच्या कडेला, प्रोब (तपासायची टोकदार सुई) अडकतोय. लॅबवाला म्हणतो, ‘डॉक्टर, स्कॅनर पाच मायक्रॉनचा आहे हो!’ दोघंही खोटं बोलत नसतात. तो आकडा स्कॅनरचा असतो, कामाचा नसतो.

आधी माप डोळ्यांसमोर आणू. एका मिलिमीटरचे १००० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. कॅपच्या कडेला राहणारी फट १२० मायक्रॉनपर्यंत चालवून घ्यावी, हा आकडा १९७१ साली मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांच्या अभ्यासातून आला आणि आजही बोलताना तोच घेतला जातो. म्हणजे दीड-पावणेदोन केसांएवढी जागा. या एवढ्या जागेत ठशाची, प्लास्टरची, स्कॅनची, डिझाइनची आणि मिलिंगची (यंत्रानं कॅप कोरण्याची) अशी सगळ्यांची चूक मावली पाहिजे. त्यातले पाच-सात मायक्रॉन स्कॅनरच्या वाट्याचे. बाकीचे कुठे जातात, ते पाहू.

मॉडेल यंत्रात जाण्याआधीच

डाय म्हणजे कॅप बसवायच्या दाताची प्लास्टरमधली प्रतिकृती. तिच्यासाठीचं डाय स्टोन, म्हणजे टाइप ४ प्लास्टर, घट्ट होताना किंचित फुगतं. मानकानुसार दोन तासांत हे फुगणं ०.१५ टक्क्यांच्या आत हवं. चांगल्या स्टोनचं ०.१ टक्क्याच्या आसपास असतं. ऐकायला काहीच नाही वाटत. पण डाव्या दाढेपासून उजव्या दाढेपर्यंतचं अंतर ५० मिलिमीटर धरा. त्याचा ०.१ टक्का म्हणजे ५० मायक्रॉन. स्कॅनर सुरूही झालेला नाही आणि त्याच्या चुकीच्या दहापट चूक मॉडेलमध्ये तयार आहे. एकट्या दाताची डाय १० मिलिमीटरची, तिथे हेच फुगणं १० मायक्रॉनवर येतं. म्हणून सुटी कॅप बसते आणि लांब ब्रिज नाचतो. तक्रारींमधला हा फरक स्कॅनरनं घडवलेला नसतो.

वर हे ०.१ टक्का पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवलं तरच. टाइप ४ ला १०० ग्रॅम पावडरीला कंपनीप्रमाणे साधारण १९ ते २४ मिलिलिटर पाणी लागतं, टाइप ३ ला, म्हणजे साध्या डेंटल स्टोनला, २८ ते ३० च्या घरात. बऱ्याच लॅबमध्ये ‘घट्ट दह्यासारखं झालं की बस’ या अंदाजावर काम चालतं. पाणी कमी पडलं तर मॉडेल जास्त फुगतं. पाणी जास्त झालं तर फुगणं कमी होतं, पण मॉडेल मऊ आणि भुरभुरीत होतं, मार्जिनची कड बोटाच्या घासण्यानंही जाते. जास्त वेळ जोरात घोटलं तरी फुगणं वाढतं. शंभर ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा आणि पाण्यासाठी सिरिंज, एवढ्यावर जे सुधारतं ते महागडा स्कॅनर घेऊन सुधारत नाही.

सोलापुरात यात उन्हाळा भर घालतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्या पाण्यात अल्जिनेट (ठसा घ्यायची पावडर) कालवलं तर ट्रे तोंडात जाईपर्यंतच ते धरायला लागतं. पृष्ठभाग घट्ट होताना ट्रे दाबला गेला की ठसा आतून ताणलेला राहतो आणि तोंडातून काढल्यावर तो ताण सुटून आकार बदलतो. पाणी २० ते २३ अंशांचं हवं. माठातलं किंवा फ्रीजचं पाणी मिसळून थर्मामीटरनं बघायला अर्धं मिनिट लागतं.

अल्जिनेटचा दुसरा शत्रू वेळ. त्यात बहुतांश पाणीच असतं. उघड्यावर ते पाणी सोडून आकसतं आणि ओल्या बोळ्यात गुंडाळलं तर पाणी पिऊन फुगतं. सकाळी घेतलेला ठसा पिशवीत घालून रात्रीच्या गाडीनं पुण्याच्या लॅबला पाठवणं म्हणजे अडीचशे किलोमीटरभर आकार बदलायला मोकळीक देणं. दहा-पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात इथेच प्लास्टर ओतावं आणि मॉडेल पाठवावं. बाहेर पाठवायचाच ठसा असेल तर ॲडिशन सिलिकॉनची पुट्टी आणि लाइट बॉडी (रबरासारख्या ठशाचा जाड आणि पातळ मसाला) वापरावी, ती दिवसेंदिवस आकार धरून राहते. तिचे दोन नखरे मात्र लक्षात ठेवायचे. लेटेक्सच्या हातमोज्यांनी मळली तर मोज्यातल्या गंधकामुळे ती नीट घट्ट होत नाही, चिकट राहते. आणि काही जातींमधून घट्ट झाल्यावर हायड्रोजन सुटत राहतो, म्हणून लगेच ओतलं तर डायवर बारीक छिद्रं पडतात. तासभर थांबलेलं बरं.

ओतल्यावर ४५ मिनिटं ते तासभर मॉडेल हलवायचं नाही. नंतर ते स्वच्छ करायला नळाखाली धरण्याची सवय फार जणांना आहे. जिप्सम पाण्यात थोडं का होईना, विरघळतं. वाहत्या पाण्यानं कडा खरोखर झिजतात. धुवायचंच तर प्लास्टरच्या तुकड्यांवर मुरवून ठेवलेलं पाणी वापरावं. ते आधीच जिप्समनं भरलेलं असल्यामुळे आणखी विरघळवत नाही. हे पाणी बाटलीत भरून ठेवायला काही खर्च नाही, तरी फार थोड्या लॅबमध्ये दिसतं.

अचूक म्हणजे नक्की काय

मोजमापाच्या मानकात, आयएसओ ५७२५ मध्ये, अचूकतेचे दोन भाग केले आहेत. एक, माप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे. दुसरा, तेच माप पुन्हा पुन्हा घेतलं तर ते एकमेकांच्या किती जवळ येतं. आपण त्यांना खरेपणा आणि सातत्य म्हणू.

टॉवेलच्या कारखान्यात कापणाऱ्याची मीटरपट्टी एका टोकाला झिजून एक सेंटिमीटर आखूड झाली असेल, तर दिवसभरात कापलेले सगळे टॉवेल एकसारखे निघतील, एकावर एक ठेवले तर काठाला काठ लागेल. सातत्य उत्तम, पण प्रत्येक नग एक सेंटिमीटरनं आखूड. उलट पट्टी बरोबर आहे आणि कापणारा घाईत आहे, तर कुठला नग लांब, कुठला आखूड, सरासरी मात्र बरोबर. स्कॅनरमध्ये पहिली चूक कॅलिब्रेशननं सुधारते. दुसरी सुधारत नाही, तिच्यासाठी यंत्राची बैठक, प्रकाश आणि मॉडेलचा पृष्ठभाग बघावा लागतो.

माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा आयएसओ १२८३६ या मानकाच्या पद्धतीनं काढलेला असतो. त्यात यंत्राला ठरावीक भूमितीचे नमुने दाखवले जातात. ते मॅट, कोरडे आणि आखीव असतात. प्लास्टरच्या मॉडेलवर असतात तशा दोन दातांमधल्या खाचा आणि बुडबुडे तिथे नसतात. आकडा खोटा नाही, परीक्षा सोपी आहे.

यंत्राला दिसतं कसं

सकाळच्या उन्हात खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर सरळ पडते, पण मधे पायरी आली की त्याच रेषा मोडतात. रेषा किती मोडली यावरून पायरीची उंची काढता येते. स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनर हेच करतो. प्रोजेक्टर मॉडेलवर निळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्या टाकतो, दोन किंवा अधिक कॅमेरे त्या तिरक्या कोनातून बघतात आणि प्रत्येक बिंदूची जागा त्रिकोणाच्या हिशेबानं काढतात. मॉडेल फिरतं, तिरकं होतं, अशी अनेक दृश्यं जोडून पूर्ण आकार तयार होतो. लेझर स्कॅनरमध्ये पट्ट्यांऐवजी एक रेषा सरकत जाते. जुन्या स्पर्श-स्कॅनरमध्ये बारीक गोळी लावलेली सुई डायवरून फिरायची. ती चकाकीला फसत नसे, पण गोळीच्या व्यासापेक्षा अरुंद खाचेत शिरत नसे.

प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राची अडचण उघड आहे. जिथे प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांपैकी एकाचीही नजर अडते तिथे माहितीच नसते. सॉफ्टवेअर ते भोक शेजारच्या आकाराच्या अंदाजानं बुजवतं आणि पडद्यावर ते इतकं गुळगुळीत दिसतं की शंका येत नाही. दोन दातांमधली फट आणि खोल मार्जिन यांच्याबाबत हे नेहमी घडतं. म्हणून मॉडेल कापून डाया सुट्या करतात आणि प्रत्येक डाय वेगळी स्कॅन करतात. पण त्या परत बसवताना पिनच्या भोकात कापल्याची धूळ राहिली, की डाय केसभर वर बसते आणि पूर्ण मॉडेलच्या स्कॅनमध्ये तिची उंची चुकते. कॅपच्या उंचीच्या काही तक्रारींमागे ही धूळ असते. बसवण्याआधी भोक आणि पिन ब्रशनं झाडून घ्या.

चकाकी हा दुसरा घोळ. डायवर लावलेल्या हार्डनरचा किंवा स्पेसरचा (सिमेंटसाठी जागा ठेवणाऱ्या लेपाचा) चकचकीत थर, ओलं मॉडेल, धातूचा पृष्ठभाग यांवरून प्रकाश आरशासारखा उडतो आणि पट्टी कॅमेऱ्याला फाटलेली दिसते. गडद रंगाचं प्लास्टर उलट प्रकाश पिऊन टाकतं. फिकट, मॅट, स्कॅनसाठीचं म्हणून मिळणारं डाय स्टोन आणि रात्रभर सुकवलेलं मॉडेल सगळ्यात कमी त्रास देतं. स्प्रे मारायची वेळ आली तर पातळ, एकसारखा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून. जाड बसलेला थर खाचांमध्ये साचतो आणि त्याची जाडी थेट कॅपच्या आतल्या मापात मिसळते.

तिसरी गोष्ट फाइलची. एसटीएल फाइल हे फक्त त्रिकोणांचं जाळं असतं. फाइल हलकी करण्यासाठी त्रिकोण कमी केले की सपाट भागाचं काही बिघडत नाही, पण मार्जिनची धार गोल होते. निर्यात करताना ‘कमी आकार’ हा पर्याय मोहात पाडतो, डायसाठी तो निवडू नये. त्या फाइलमध्ये एककही नोंदलेलं नसतं. समोरच्यानं इंचात उघडली तर दाढ २५.४ पट होते. ती चूक निदान लगेच दिसते.

घरच्या घरी तपासणी

व्हर्नियर लावून स्कॅनर तपासता येत नाही. डिजिटल व्हर्नियर ०.०१ मिलिमीटर दाखवतो, पण त्याची स्वतःची चूक ०.०२ ते ०.०३ म्हणजे वीस-तीस मायक्रॉन असते, शिवाय प्लास्टरवर जबडे दाबले की कण चेपतात. जाड पट्टीनं बारीक पट्टी मोजल्यासारखं ते होतं.

त्यापेक्षा १० मिलिमीटरच्या दोन बेअरिंगच्या गोळ्या घ्या. स्वस्त असतात आणि त्यांची गोलाई मायक्रॉनच्या आत असते. स्टीलच्या पट्टीवर त्या साधारण ५० मिलिमीटर अंतरावर पक्क्या चिकटवा. ॲक्रिलिकची पट्टी नको. पंचवीस अंशांच्या एसी खोलीतून बाहेरच्या चाळीस अंशांत आल्यावर ५० मिलिमीटर स्टील आठ-नऊ मायक्रॉन वाढतं, ॲक्रिलिक पन्नासच्या आसपास. आता दोन्ही गोळ्यांचं बाहेरून बाहेर अंतर मायक्रोमीटरनं मोजा, हजारांश मिलिमीटर दाखवणाऱ्या. लॅबमध्ये तो नसतो, पण एमआयडीसीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये मिळेल. त्यातून एका गोळीचा व्यास वजा केला की दोन केंद्रांमधलं अंतर मिळतं. गोळ्या चकाकतात म्हणून हलका स्प्रे मारा. इथे स्प्रेची जाडी आड येत नाही, कारण थर सगळीकडून सारखा असेल तर गोळी मोठी होते, केंद्र हलत नाही.

स्कॅनर २०-३० मिनिटं तापू द्या, कॅलिब्रेशन करा आणि हा नमुना दहा वेळा स्कॅन करा. प्रत्येक वेळी काढून, थोडा फिरवून परत बसवायचा. क्लाउडकंपेअरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गोळ्यांवर गोल बसवून केंद्रांमधलं अंतर काढा. समजा मायक्रोमीटरनं ५०.०१२ आलं आणि दहाही स्कॅन ५०.०३० ते ५०.०३४ च्या दरम्यान आले. यंत्रात सातत्य आहे, खरेपणा नाही. वीस मायक्रॉन लांब मोजतंय. कॅलिब्रेशनची प्लेट मळली आहे का, ओरखडली आहे का, ते आधी बघा. आकडे ५०.०० आणि ५०.०५ मध्ये उड्या मारत असतील तर टेबल हलतं आहे, नमुना नीट चिकटलेला नाही किंवा खिडकीतलं ऊन थेट यंत्रावर पडतं आहे. व्हायब्रेटर आणि मॉडेल ट्रिमर ज्या ओट्यावर, त्याच ओट्यावर स्कॅनर ठेवलेला असणं हे नेहमीचं कारण.

यंत्र जागेवरून हलवलं, दुरुस्तीला जाऊन आलं किंवा एसी बंद राहून खोली तापली, की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. वीज गेल्यावर यंत्र थंड होतं, तेव्हाही.

रंगीत नकाशा फसवतो

दोन स्कॅन एकमेकांवर ठेवून हिरवा-पिवळा-लाल नकाशा दाखवायची पद्धत आहे. सगळं हिरवं म्हणजे उत्तम, असं विक्रेता सांगतो. इथे सावध राहावं. सॉफ्टवेअर दोन आकार जुळवताना एकूण फरक सगळ्यात कमी होईल अशी जागा शोधतं. एक टॉवेल दोन सेंटिमीटरनं आखूड असेल आणि तो दुसऱ्यावर मधोमध ठेवला, तर दोन्ही टोकांना एक-एकच सेंटिमीटर फरक दिसतो. चूक गेली नाही, वाटली गेली. शिवाय सरासरी काढताना अधिक आणि उणे एकमेकांना खातात, त्यामुळे वाकडं मॉडेलही ‘सरासरी फरक २ मायक्रॉन’ दाखवू शकतं. मूळवर्ग सरासरी (प्रत्येक फरकाचा वर्ग, त्यांची सरासरी आणि तिचं वर्गमूळ) बघितली तर निदान चिन्हं खोडली जात नाहीत. सगळ्यात बरं म्हणजे एका टोकाची दाढ जुळवून दुसऱ्या टोकाचा फरक बघणं. तिथे लपायला जागा नसते.

तोंडातला स्कॅनर ही गोधडी आहे. त्याची खिडकी लहान, एका वेळी दीड-दोन दातच दिसतात. अशी शेकडो चित्रं शेजारच्या चित्राशी शिवत तो पुढे जातो. प्रत्येक टाक्यात थोडीशी चूक आणि ती पुढच्या टाक्यात जाते. दोन-चार दातांच्या कामात तो ठशाच्या तोडीस तोड आहे, शिवाय प्लास्टरचं फुगणं वाचतं. पूर्ण जबडा घ्यायचा झाला तर दुसऱ्या टोकाची दाढ शंभर मायक्रॉनच्या घरात सरकलेली असू शकते. चांगल्या ठशावरून ओतलेलं मॉडेल डेस्कटॉपवर स्कॅन केलं तर तिथे अजूनही जास्त भरवशाचं आहे. दात नसलेल्या, गुळगुळीत हिरडीवर तर शिवायला ओळखीची खूणच नसते. स्कॅन घेताना कंपनीनं सांगितलेला मार्ग सोडू नये. बहुतेकांचा मार्ग आधी चावण्याच्या बाजूनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग आतून परत, मग बाहेरून असा असतो. मधे गालाची किंवा जिभेची चित्रं शिरली तर ती काढून टाकायची, तशीच सोडायची नाहीत.

कुणी कुणी तोंडातल्या स्कॅनवरून रेझिनचं मॉडेल छापतात आणि तेच परत डेस्कटॉपवर स्कॅन करतात. छापताना रेझिन आकसतं, नंतर लाइटखाली आणखी थोडं. मधे आडवी पट्टी नसलेलं घोड्याच्या नालेसारखं मॉडेल दोन्ही टोकांनी आत ओढलं जातं. मूळ फाइल हातात असताना हा फेरा कशाला?

कुठल्या कामाला किती

अभ्यासाच्या मॉडेलवर जागा मोजायला, वेड्यावाकड्या दातांचा हिशेब करायला अर्धा मिलिमीटरही चालून जातो. तिथे स्कॅनरची चूक मोजायचीच गरज नाही, दाताची रुंदी कुठून कुठे धरायची याबद्दल दोन माणसांचं जमत नाही, तो फरकच मोठा असतो. सुट्या कॅपला वरचा १२० मायक्रॉनचा हिशेब. इम्प्लांटवरचा पूर्ण जबड्याचा बार (सगळी इम्प्लांट जोडणारी पट्टी) सगळ्यात कडक, कारण खरा दात हाडात किंचित हलून चूक पोटात घेतो, इम्प्लांट हलत नाही. बार आल्यावर एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि दुसरं टोक उचलतं का, ते बघायचं. उचललं तर काम कुठेतरी चुकलं आहे, सगळे स्क्रू जोर लावून आवळून ते बरोबर होत नाही.

कॅप बसत नाही असा फोन आला तर चूक शोधायचा क्रम ठरलेला आहे. कॅप आधी सुट्या डायवर बसवून बघा. डायवर नीट बसते, पण पूर्ण मॉडेलवर अडते, म्हणजे शेजारच्या दाताशी टेकण्याची जागा जास्त घट्ट आहे किंवा डाय वर बसली आहे. मॉडेलवरही नीट बसते आणि तोंडात अडते, म्हणजे स्कॅनर आणि मिलिंग दोघं निर्दोष. दोष ठशात, प्लास्टरमध्ये किंवा तात्पुरत्या कॅपखाली सरकलेल्या दातात आहे. डायवरच बसत नसेल तर कॅपच्या आत खूण उमटवणारा स्प्रे मारा. ठिपका एखाद्या टोकदार कोपऱ्यात उमटला तर मिलिंगचं बर (कोरणारं अवजार) तिथे शिरलंच नाही, कारण ०.६ किंवा १ मिलिमीटर जाडीचं बर त्याहून बारीक कोपरा कोरू शकत नाही. सगळीकडून सारखीच घट्ट असेल तर झिर्कोनियाच्या डिस्कवर छापलेला आकसण्याचा गुणक सॉफ्टवेअरमध्ये बरोबर भरला होता का, ते बघा. भट्टीत झिर्कोनिया प्रत्येक दिशेत साधारण वीस टक्के आकसतं, आणि नव्या बॅचची जास्त आकसणारी डिस्क जुन्या गुणकावर कापली गेली तर स्कॅन कितीही चांगला असला तरी कॅप लहानच निघते.